आबांच्या बाजूचा मॉनिटर

आमच्या उचगावच्या घरात पुढच्या खोलीत एक टेबल होतं आणि त्यावर दोन मॉनिटर एकमेकांकडे पाठ करून ठेवलेले होते. एक माझ्या बाजूला, एक आबांच्या. घरी आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, हे असं उलटंपालटं का ठेवलंय? मी पहिल्यांदा नीट समजावून सांगायचे. मग कंटाळा आला. "भांडणं झाल्यात त्यांची, तोंड बघत नाहीत एकमेकांचं," एवढं सांगून मोकळी व्हायचे. त्यावर आबा समोरच्या खुर्चीत बसून हसायचे, आणि आलेला माणूस उगाच हसल्यासारखं करून चहाची वाट बघायचा.

आबा म्हणजे माझे वडील. शहरात, लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात त्यांनी सगळा जन्म प्रूफं वाचली. तिथली जुनी पद्धत अशी की प्रूफ एकट्यानं वाचायचं नाही. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा तोंडानं म्हणायचे, आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. चूक दिसली की नजर ठेवणारा म्हणणार, "थांब." आबा नेहमी नजर ठेवणारे. त्यांनी थांब म्हटलं की वाचणारा थांबायचाच, पण यंत्रावरचा माणूसही मान वर करून बघायचा.

आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस म्हणजे आबा. माझे आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले आणि मरेपर्यंत कागदावर अंगठा उठवत आले. वस्तीनं धम्म घेतला त्या वर्षी आबा शाळेत होते, आणि लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्यांच्यावर आलं. ते त्यांनी पुढं कधी सोडलंच नाही. कुणाचं पत्र, कुणाची कोर्टाची नोटीस, कुणाच्या पोराचा निकाल, सगळं आमच्या दारात यायचं. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा तोही आबांनीच. वाचणं हे त्यांचं पोट होतं आणि त्यांचं नाकही तेच होतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, एवढं काय त्यात, म्हातारपणी डोळे जातातच की.

छापखान्यातले अक्षरांचे खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले तेव्हा आबा निवृत्तीला टेकलेले होते. मी त्याच सुमारास सासरहून परत आले होते. का आले ते सांगत बसत नाही, तो तमाशा वेगळाच आहे. शहरात टायपिंग शिकले, एक जुना छोटा कॉम्प्युटर घेतला आणि छापखान्याच्या मालकांनी घरी काम द्यायला सुरुवात केली. साखर कारखान्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं. टाईप मी करायचं आणि प्रूफ आबांनी बघायचं. दोघांचं बरं चाललं होतं.

मग आबा कागद घेऊन खिडकीशी जायला लागले. नंतर अंगणात. चष्म्याचा नंबर बदलून झाला, परत बदलून झाला. "शाई फिकी हाय," म्हणायचे. "कागद चांगला न्हाय." कागद तोच होता, आणि शाईही तीच. एका कारखान्याच्या अहवालात अध्यक्षांच्या भाषणाचा अर्धा परिच्छेद दोनदा छापला गेला आणि तो आबांच्या नजरेतून सुटला. मालक स्वतः घरी आले. भला माणूस. चहा घेतला, ऊसपाण्याच्या गोष्टी केल्या आणि उठताना हळूच म्हणाले, "आबा, आता तुम्ही आराम करा. प्रूफं आम्ही तिकडंच बघतो."

 मालक गेल्यावर आबा कपबशा घेऊन आत गेले आणि बराच वेळ मोरीत कपबशाच धूत बसले. मला असला संताप आला म्हणून सांगू! मालकांचा नव्हे, त्या बारक्या अक्षरांचा. अरे, कागदावरचं अक्षर मोठं होत नसेल, पण कॉम्प्युटरवरचं तर होतं ना? मग प्रूफ कागदावर काढायचंच कशाला?

अडचण एवढीच होती की स्क्रीन एक. आबांसाठी अक्षर मोठं केलं की माझ्यासमोर चारच ओळी उरायच्या आणि पानाची मांडणी दिसायची नाही. शिवाय आबांना शेजारी बसून जमेना. सगळा जन्म समोरासमोर बसलेला माणूस. शेजारी बसले की म्हणायचे, "एस्टीत बसल्यासारखं वाटतंय." तेव्हा मी ठरवलं, एकाच कॉम्प्युटरला दोन मॉनिटर जोडायचे आणि दुसरा त्यांच्या बाजूला ठेवायचा.

शहरातल्या राजारामपुरीत एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला होता, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्याकडे कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेले. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. माझा कॉम्प्युटर म्हणजे मिठाईच्या मोठ्या बॉक्सएवढा, कुठल्यातरी ऑफिसातून लिलावात निघालेला. मागं मॉनिटर लावायला एकच जागा.

"ताई, न्हाय व्हायचं ह्यात," तो म्हणाला. "दुसऱ्या मॉनिटरला दुसरं कार्ड बसवाय लागतंय. कार्ड उंच, डबा बुटका. बसायचं कसं?"

"दुसरा काहीच इलाज नाही?"

त्यानं एक फाटे फुटलेली वायर काढून दाखवली. एका टोकाला कॉम्प्युटर, दुसरीकडं दोन मॉनिटर. ती लावून बघितली, पण दोन्हीकडं तेच चित्र. माझ्याकडं बारीक तर आबांकडंही बारीक. मी म्हटलं, हे तर आरशात बघितल्यासारखं झालं, मला दोन्हीकडं वेगवेगळं पाहिजे. तो म्हणाला, "वेगवेगळं पायजे तर मोठा डबा घ्या की." मोठा डबा घ्यायची ऐपत असती तर मी त्याच्या दुकानात तोंड वर करून उभी राहिले असते का?

शेवटी मीच म्हटलं, झाकण उघडंच ठेवलं तर? तो माझ्याकडं बघतच राहिला. पण मग त्यालाही चेव चढला. कार्डाची मागची पत्र्याची पट्टी काढून टाकली, कार्ड खाचेत दाबून बसवलं आणि वर आलेला अर्धा भाग तसाच उघडा ठेवला. सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसले, एक आणि दोन. दुसऱ्यावर खूण केल्याबरोबर शेजारचा काळा मॉनिटर कुर्रर्र करून निळा झाला. माऊस उजवीकडं नेला तर बाण माझ्या स्क्रीनवरून निघून त्या स्क्रीनवर उगवला. भर दुकानात मी टाळी वाजवली.

जुना मोठा मॉनिटर मिळवला, असलं ओझं की रिक्षावाल्यानं "ताई, ह्यात काय मेलेलं माणूस हाय काय?" म्हणून विचारलं. घरी येऊन टेबल भिंतीपासून ओढलं, वायरी टेबलाखालून पलीकडं नेल्या, कार्डावर धूळ बसू नये म्हणून जुन्या पोलक्याचा कापडी झगा शिवला. आबा उघड्या डब्याकडं बघून म्हणाले, "पोट फाडून ठेवलंईस बिचाऱ्याचं." मी त्यांच्या हातात दुसरा माऊस दिला. त्याचं मधलं चाक फिरवलं की त्यांच्याकडचा मजकूर वर सरकायचा. मी माझ्या बाजूला हस्तलिखित धरून मोठ्यानं वाचायला लागले. थोड्याच वेळात पलीकडून आवाज आला, "थांब."

कुठली चूक होती ते आता आठवत नाही. आबा कपाळावरचा चष्मा खाली ओढून हसत होते, ते तेवढं आठवतं. मालकांनी काम परत द्यायला सुरुवात केली. "घरात बसून दोन पडद्यांवर प्रूफ बघतोय म्हातारा," असं ते लोकांना कौतुकानं सांगायचे, आणि आबा विहारात तेच आपल्या तोंडानं दुप्पट करून सांगायचे.

अधूनमधून आबा म्हणायचे, "जरा मोठं कर." मी मोठं करायचे. पुढं ते म्हणायचे थांबले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी मीच विचारायचे, "आबा, मोठं करू?" "कर की," म्हणायचे. शेवटी त्यांच्या स्क्रीनवर एका ओळीत दोन-तीनच शब्द मावायला लागले, एकेक अक्षर तळहाताएवढं. मला त्यात बरं वाटायचं. थांब, थांब तर चालूच होतं, आणि जिथं थांबवायचे तिथं हमखास काहीतरी सापडायचंच. एखादा शब्द दोनदा पडलेला, नाहीतर एखादी ओळच गाळलेली. शंका यावी कशी? वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात जाऊन ते ग्रंथ वाचत होते, वेळेवर पान उलटत होते. तो ग्रंथ त्यांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ होता, कुठल्या शब्दावर पान संपतं तेसुद्धा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

मग तो दिवस आला. दुपारी लोडशेडिंग होतं. लाईट आली तशी मी कॉम्प्युटर चालू केला, फाईल उघडली आणि घाईघाईनं वाचायला बसले. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं काम होतं आणि मालकांचा माणूस सकाळपासून तगादा लावून बसला होता. वाचता वाचता आबांनी दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा चूक निघाली. तेवढ्यात मला आत गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. धावत गेले, गॅस बंद केला आणि परत येताना एरवी माझ्या बाजूनं यायची ती आबांच्या पाठीमागून आले.

त्यांच्या स्क्रीनवर काही नव्हतं. नुसता निळा रंग आणि कोपऱ्यात दोन बारकी चित्रं. लाईट जाऊन आली की त्यांच्यासाठी तोच मजकूर वेगळ्या खिडकीत उघडून पलीकडं सरकवावा लागायचा, ते घाईत मी विसरले होते. मॉनिटर चालू होता, गुणगुणत होता, तापला होता. आणि आबा त्या निळ्याकडं मान पुढं काढून बघत होते. त्यांचं बोट माऊसचं चाक फिरवत होतं. थोडं फिरवायचे, थांबायचे, परत थोडं फिरवायचे, बरोबर वाचण्याच्या गतीनं.

"दूध उतू गेलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बस की. वाच. हितंपर्यंत सगळं बरोबर हाय."

 मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले. वाचलं, आवाज बदलू न देता वाचलं. आणि खरं सांगते, त्या वेळी मला रडू नाही आलं, राग आला. केवढा राग! इतके दिवस हा माणूस समोर बसून मला फसवत होता?

नंबर तपासून आणू असं सांगून त्यांना शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. काचबिंदू. कडेची नजर आधी जाते, माणसाला कळतसुद्धा नाही, मग नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं, आणि आता तेही जवळजवळ गेलेलं. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, पण मी त्यांना अक्षरं एवढी मोठी करून देत होते.  डॉक्टर म्हणाल्या, "मोठ्या अक्षराचा ह्यांना उपयोग नसतो हो. नळीतून मोठं अक्षर पूर्ण दिसतच नाही, एखादा काना दिसतो, एखादी वेलांटी. मधोमध बारीक अक्षर असतं तर अजून काही दिवस वाचता आलं असतं."

मी आबांकडं बघितलं. ते दाराच्या दिशेनं तोंड करून बसले होते.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "सांगायला काय झालं होतं? मोठं करू का विचारलं की कर म्हणायचं! नको म्हणता येत नव्हतं?"

"काय सांगू?" आबा म्हणाले. "तू पंखा बंद करून, घामाघूम हून त्या वायरी जोडालतीस. हरखून गेलतीस. मोठं दिसंना म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, असू दे."

 उचगावचा फाटा आला, आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळेला, धुतलेला सदरा घालून आबा आले आणि खुर्चीत बसले. डॉक्टरांचं नाव काढलं नाही. "लाव," म्हणाले. मी मॉनिटर लावला. मजकूर उघडून त्यांच्या बाजूला सरकवला. तळहाताएवढी अक्षरं, कुणासाठी कुणास ठाऊक. त्यांनी माऊसवर बोट ठेवलं. मी वाचायला लागले.

तोपर्यंत मला उमगलं होतं की ते चुका कशा पकडत होते. मी शब्द पुटपुटत टाईप करत असायचे तेव्हा ते तिथंच बसलेले असायचे, आणि माझी बोटं कुठं धावली, कुठं अडखळली ते कानानं धरून ठेवायचे. माझी खोड त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. पण हळूहळू माझा हात बसत गेला, चुका कमी झाल्या. ते थांब म्हणायचे आणि तिथं काही नसायचं. "नाही आबा, बरोबर आहे," असं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. म्हणून मी मुद्दाम चुकायला लागले. टाईप करताना ठरावीक जागी बोटं धाडधाड चालवायची, त्यांना ऐकू जाईल अशी, आणि तिथं एक शब्द दोनदा टाकायचा. मग प्रूफ वाचताना बरोबर त्या जागेला पलीकडून थांब. "हो आबा, आहे चूक. सापडली." आणि आबा मान डोलवायचे. ती मान डोललेली बघितली की माझा दिवस बरा जायचा. त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं, तेही मी जाऊ देणार नव्हते.

एक दिवस मालक अचानक आले. आम्ही वाचत होतो. ते दारातच थांबून ऐकत राहिले. आबांनी थांबवलं, मी चूक दुरुस्त केली, आणि मालक म्हणाले, "वा आबा! काय नजर हाय! आमच्याकडच्या पोरांना आणून बसवलं पायजे तुमच्यासमोर." आबा एरवी असल्या बोलण्यानं फुलायचे. त्या दिवशी त्यांनी नुसता नमस्कार केला. जेवताना अर्धी भाकरी ताटात राहिली.

दुसऱ्या दिवशी परत बसलो. वाचता वाचता एक पान संपलं. मी पुढचं पान काढण्यासाठी हस्तलिखित उलटत होते, कागद एकमेकांना चिकटले होते. तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. ह्या ओळीत गडबड हाय."

"हो आबा," मी सवयीनं म्हटलं, "आहे खरी. केली दुरुस्त."

"कुठली ओळ?"

मी चिकटलेले कागद सोडवत राहिले.

"अजून तू वाचलंच न्हाईस," आबा शांतपणे म्हणाले. "पान उलटालतीस."

दोन मॉनिटरच्या पाठी आमच्या मधे होत्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी मान वाकडी करून बघायची हिंमतही केली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला गेले, तर त्यांनीच अडवलं.

"पोरी, मला आंधळा म्हण. मालकाला सांग, विहारात सांग, अख्ख्या गावाला सांग. पण येडा समजू नगंस."

माऊस बाजूला सरकवल्याचा आवाज आला. खुर्ची मागं सरकली. आबा उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. त्यांनी एक हात टेबलाच्या दिशेनं पुढं केला आणि हवेतच धरून ठेवला.

"रोज ह्या कोपऱ्यावर मांडी आपटत्या माझी," ते म्हणाले. "काळीनिळी झाल्या. आता हात धर."

मी टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांचा हात धरला.